शून्यता (माध्यमिक दर्शन)

शून्यता : महायान बौद्ध परंपरेतील माध्यमिक दर्शनाचा मध्यवर्ती सिद्धांत. कोणत्याही वस्तूला स्वतःच्या बळावर टिकणारा, निरपेक्ष असा ‘स्वभाव’ नाही. जे काही आहे ते कारणांवर, घटकांवर आणि आपण त्याला दिलेल्या नावावर अवलंबून आहे, असे हा सिद्धांत सांगतो. त्याची तर्कशुद्ध मांडणी नागार्जुन (सु. इ. स. १५०–२५०) या दाक्षिणात्य भिक्षूने मूलमध्यमककारिका या सत्तावीस प्रकरणांच्या पद्यग्रंथात केली. ‘शून्यवाद’ या नावाखाली ‘जगात काहीच नाही’ असे मत त्याच्यावर लादले गेले आणि अनेक पाठ्यपुस्तकांतही तेच उतरले आहे. मूळ ग्रंथ वाचला तर हे मत नागार्जुनाने स्वतःच पूर्वपक्ष म्हणून मांडून खोडलेले दिसते.

सिद्धांताची पार्श्वभूमी बौद्धांच्या आपापसांतील वादात आहे. कायम टिकणारा आत्मा नाही, ही बुद्धाची शिकवण सर्व संप्रदायांना मान्य होती. अभिधर्माच्या, म्हणजे बुद्धाच्या शिकवणीची पद्धतशीर चिकित्सा करणाऱ्या शास्त्राच्या, आचार्यांनी माणसाचे पृथक्करण रूप, वेदना, संज्ञा अशा घटकांत, म्हणजे ‘धर्मां’त केले. त्यांतील सर्वास्तिवादी संप्रदायाच्या मते या प्रत्येक धर्माला स्वतःचा स्वभाव होता आणि तो भूत, वर्तमान, भविष्य या तिन्ही काळांत अस्तित्वात होता. माणसातून काढून टाकलेला आत्मा असा मागच्या दाराने परत येत होता. स्वभाव म्हणजे जो घडवलेला नाही आणि दुसऱ्याची अपेक्षा ठेवत नाही तो, अशी व्याख्या नागार्जुन पंधराव्या प्रकरणात करतो आणि विचारतो : असा स्वभाव कारणांपासून उत्पन्न होईलच कसा? उत्पन्न झाला तर तो घडवलेला ठरतो. आणि घडवलेला नसेल तर त्यात कधी बदल होणार नाही. याच ठिकाणी तो बुद्धाच्या कात्यायनाला केलेल्या उपदेशाचा नाव घेऊन आधार देतो. ‘आहे’ आणि ‘नाही’ ही दोन्ही टोके बुद्धाने तिथे नाकारली आहेत. संपूर्ण कारिकाग्रंथात नावाने उल्लेखलेले सूत्र हे एवढेच.

त्याची पद्धत ‘प्रसंगा’ची आहे. स्वतःचे मत पुढे करण्याऐवजी तो प्रतिपक्षाचेच म्हणणे शेवटपर्यंत ताणतो आणि त्यातली विसंगती उघडी पाडतो. दुसऱ्या प्रकरणातील गतीची परीक्षा याचा उत्तम नमुना आहे. जी वाट चालून झाली ती आता चालली जात नाही; जी चालायची राहिली आहे तीही चालली जात नाही; आणि या दोहोंपेक्षा वेगळी अशी ‘चालली जात असलेली’ वाट दाखवता येत नाही. चालणारा आधी स्वतंत्रपणे असतो आणि मग चालतो म्हणावे, तर चालल्यावाचून तो चालणारा कसा? यावरून कोणी चालतच नाही असे ठरत नाही. गती आणि गतिमान यांना एकमेकांपासून तोडून प्रत्येकाला स्वयंपूर्ण मानले की साधे चालणेही समजावता येत नाही, एवढाच त्याचा मुद्दा आहे. ग्रंथातल्या पुष्कळ परीक्षा, मग त्या अग्नी आणि इंधनाच्या असोत की कर्ता आणि कर्माच्या, याच धाटणीच्या आहेत.

ग्रंथाचा गाभा चोविसाव्या प्रकरणात आहे आणि शून्यता समजून घ्यायची असेल तर तिथूनच सुरुवात करणे बरे. प्रतिपक्षी म्हणतो : सर्व शून्य असेल तर उत्पत्ती नाही, नाश नाही, मग चार आर्यसत्ये कुठली, संघ कुठला, बुद्ध तरी कुठला? लोकव्यवहारही बुडाला. नागार्जुन हा आरोप जसाच्या तसा उलटवतो. वस्तूंना अढळ स्वभाव मानणाऱ्याच्याच जगात काही घडू शकत नाही. तिथे दुःख उपजत नाही, म्हणून संपतही नाही. अज्ञानी माणूस कधी ज्ञानी होत नाही. शून्यता मान्य केली तरच बदल, साधना आणि मुक्ती यांना जागा मिळते. याच प्रकरणात त्याचे सर्वांत प्रसिद्ध विधान येते : ‘यः प्रतीत्यसमुत्पादः शून्यतां तां प्रचक्ष्महे’. जे परस्परावलंबनाने उपजते त्यालाच आम्ही शून्यता म्हणतो, आणि तीही एक सापेक्ष संज्ञाच आहे, तोच मध्यम मार्ग आहे, असे तो लगेच जोडतो. भलत्या ठिकाणी पकडलेला साप जसा पकडणाऱ्यालाच डसतो, तशी चुकीची समजलेली शून्यता मंदबुद्धीचा नाश करते, हा इशाराही इथलाच.

व्यवहारसत्य (संवृती) आणि परमार्थसत्य असा भेद तो करतो, पण व्यवहाराचा आधार घेतल्याशिवाय परमार्थ शिकवता येत नाही असेही बजावतो. विग्रहव्यावर्तनी या सत्तर श्लोकांच्या ग्रंथात हा विचार आणखी धारदार होतो. सर्व शून्य असेल तर ‘सर्व शून्य आहे’ हे तुझे वाक्यही शून्य; मग ते कशाचे खंडन करणार, असा तिथे आक्षेप आहे. उत्तर असे : रथ, घट आणि पट हेही कारणांवर अवलंबून असल्यामुळे शून्यच आहेत. तरीही रथ लाकूड वाहतो, घट पाणी धरतो, पट थंडीवाऱ्यापासून राखतो. माझे वाक्यही तसेच आपले काम करते. प्रमाणांच्या, म्हणजे प्रत्यक्ष, अनुमान अशा ज्ञानसाधनांच्या, आधारावर पदार्थ सिद्ध करणाऱ्यांना तो विचारतो की प्रमाणे कशाच्या आधारावर सिद्ध होतात. बापामुळे मुलगा उपजतो हे खरे, पण मुलाशिवाय ‘बाप’ तरी कोण म्हणणार?

शून्यतेला नव्या तत्त्वाचे रूप देण्याचा मोह त्याने आधीच ओळखला होता. सर्व दृष्टींतून सुटण्यासाठी शून्यता सांगितली. जे शून्यतेचीच दृष्टी करून बसतात ते असाध्य होत, असे तो म्हणतो. सातव्या शतकातील भाष्यकार चंद्रकीर्ती इथे एका गिऱ्हाइकाचे उदाहरण देतो : ‘तुला विकायला माझ्याकडे काही नाही’ असे ऐकल्यावर ते म्हणते, ‘मग ते “काही नाही” तरी दे.’

या विचारातून निष्क्रियता उपजते हा समज रत्नावली वाचल्यावर टिकत नाही. नागार्जुनाच्या नावावरील हा ग्रंथ एका राजाला केलेला उपदेश आहे. परंपरेनुसार हा राजा सातवाहन वंशाचा, म्हणजे ज्यांची राजधानी प्रतिष्ठान (आजचे पैठण) होती त्या घराण्यातला. त्यात शून्यतेच्या विवेचनासोबतच कैद्यांना सोडावे आणि सोडेपर्यंत त्यांना न्हावी, स्नान, अन्नपाणी, औषध व वस्त्रे मिळावीत अशी सूचना आहे. तत्त्वचिंतकाने तुरुंगाचा इतका नेमका विचार केल्याची उदाहरणे प्राचीन वाङ्मयात फार नाहीत.

पुढील परंपरेत नागार्जुनाचा शिष्य आर्यदेव, आणि मग बुद्धपालित, भावविवेक व चंद्रकीर्ती हे प्रमुख आचार्य. माध्यमिकाने स्वतंत्र अनुमान मांडावे की केवळ प्रसंग दाखवावा, यावर भावविवेकाने बुद्धपालितावर टीका केली आणि चंद्रकीर्तीने बुद्धपालिताची बाजू घेतली. तिबेटात हाच भेद स्वातंत्रिक व प्रासंगिक या नावांनी रूढ झाला. चोंखापा (१३५७–१४१९) याने प्रासंगिक मताला सर्वोच्च स्थान दिले. चीनमध्ये कुमारजीवाने पाचव्या शतकाच्या आरंभी चांगआन येथे कारिकांचे सटीक भाषांतर केले. त्यावर उभ्या राहिलेल्या ‘त्रिशास्त्र’ संप्रदायाला जीझांग (५४९–६२३) याने प्रौढ रूप दिले.

भारतात मात्र प्रतिपक्षाने हा विचार फारसा समजून घेतला नाही. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात शून्यवाद सर्व प्रमाणांच्या विरुद्ध असल्याचे सांगून त्याच्या खंडनाचीही तसदी घेतली नाही. शंकराचार्यांच्याच अद्वैत परंपरेतील गौडपादकारिकांच्या चौथ्या प्रकरणावर माध्यमिक युक्तिवादांची छाप स्पष्ट दिसत असताना ही उपेक्षा विशेष खटकते. ज्ञानेश्वरीच्या आरंभीच्या गणेशरूपकात मोडलेला दात हा वार्तिकांनी (टीकाग्रंथांनी) खंडिलेल्या बौद्धमताचा संकेत आहे. तेराव्या शतकातील मराठी विद्वत्तेत बौद्ध दर्शन खंडित मत म्हणूनच उरले होते, हे यावरून कळते.

कारिकांचा संस्कृत पाठ टिकून राहिला तो मुख्यतः चंद्रकीर्तीच्या प्रसन्नपदा या भाष्यामुळे. तिची संपादित आवृत्ती ला व्हॅले पूसँ यांनी १९०३ ते १९१३ या काळात प्रसिद्ध केली. विग्रहव्यावर्तनीची संस्कृत पोथी राहुल सांकृत्यायन यांना १९३० च्या दशकात तिबेटात मिळाली. महाराष्ट्रातील प्राच्यविद्यापंडित प. ल. वैद्य यांनी आर्यदेवाच्या चतुःशतकावरील प्रबंध १९२३ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध केला आणि १९६० मध्ये दरभंगा येथून प्रसन्नपदेसह मध्यमकशास्त्राची देवनागरी आवृत्ती काढली. संस्कृत जाणणाऱ्या मराठी वाचकाला नागार्जुनाशी थेट गाठ घालून देणारी ती सर्वांत सोयीची वाट आहे.

नागार्जुनाच्या वास्तव्याशी जोडलेल्या स्थळांबाबत सावधपणा हवा. आंध्रातील नागार्जुनकोंडा येथे इक्ष्वाकू राजांच्या काळातील मोठे विहार सापडले, पण तेथील इक्ष्वाकू शिलालेखांत त्याचे नाव नाही. चिनी प्रवासी ह्युएन त्संगने सातवाहन राजाने त्याच्यासाठी डोंगरात कोरवलेल्या विहाराची कथा दक्षिण कोसलाच्या वर्णनात नोंदवली आहे. विदर्भातील रामटेक–मनसर परिसरही स्थानिक बौद्ध परंपरा त्याच्याशी जोडते. मनसरच्या उत्खननाला चालना मिळाली ती याच श्रद्धेतून. तिथे हाती आलेल्या अवशेषांचा मोठा भाग मात्र वाकाटक काळातला, म्हणजे नागार्जुनानंतरचा आहे.