हवाई वाहतूक नियंत्रणातील सुरक्षा अहवाल: कोणी द्यावा, काय लिहावे, कुठे अडते

नाशिकजवळच्या ओझरच्या धावपट्टीवर प्रवासी विमाने, हिंदुस्तान एरोनॉटिक्सची चाचणी उड्डाणे आणि हवाई दलाच्या दुरुस्ती डेपोची विमाने यांची वर्दळ एकाच जागी असते, तर नाशिकमधल्याच गांधीनगरला लष्कराचे हवाई प्रशिक्षण चालते. त्यामुळे नाशिकमध्ये सुरक्षा अहवाल, म्हणजे उड्डाणातील धोका किंवा चूक लेखी कळवणारा अहवाल, देऊ पाहणाऱ्याची पहिली अडचण असते ती अहवाल द्यायचा कोणाकडे, ही. नागरी विमानाचा संबंध असेल तर विषय नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या कक्षेत येतो. निव्वळ लष्करी उड्डाणाची बाब त्या दलाच्या स्वतःच्या यंत्रणेकडे जाते. दोन्ही गुंतलेली असतील तर ‘ते लोक कळवतील’ असे समजून गप्प बसू नये, कारण पलीकडचे लोकही नेमके तेच समजून बसलेले असतात.

पात्रतेची अट नाही म्हटले तरी चालेल. नियंत्रक, प्रशिक्षणार्थी नियंत्रक, वैमानिक, तंत्रज्ञ, धावपट्टीवर गाडी नेणारा चालक, यांपैकी कोणीही धोका दिसल्यास स्वेच्छेने अहवाल देऊ शकतो.

मात्र ‘स्वेच्छेने’ या शब्दामुळेच सर्वाधिक घोटाळा होतो. दोन विमानांतील ठरलेले अंतर मोडणे किंवा परवानगीशिवाय विमान अथवा वाहन धावपट्टीवर येणे यांसारख्या घटना कळवणे बंधनकारक आहे. स्वेच्छा अहवाल भरला म्हणून ते कर्तव्य पार पडत नाही. अपघात किंवा गंभीर घटना असेल तर २०१७च्या तपास नियमांनुसार शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत सूचना द्यावी लागते. हे तास घड्याळाचे आहेत, कार्यालयाचे नव्हेत. शनिवारी रात्रीची घटना सोमवारी साहेब आल्यावर कळवू, ही सवड त्यात बसत नाही.

दुसरा गैरसमज दहा दिवसांचा. अमेरिकेत १९७४ साली वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीचे विमान डोंगराला धडकून सर्व ९२ जण दगावले. त्याच मार्गावर सहाच आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचे विमान थोडक्यात बचावले होते, पण ती गोष्ट त्या कंपनीच्या बाहेर पोहोचली नव्हती. त्यानंतर १९७६ पासून तिथे नासामार्फत अहवाल घेतले जाऊ लागले. अनवधानाने नियमभंग झाला असेल आणि दहा दिवसांत अहवाल दिला असेल, तर काही अटींवर तिथे दंड माफ होतो. ही माहिती इंटरनेटवर वाचून आपल्याकडील मंडळी निर्धास्त होतात. ती सवलत अमेरिकी नियमांतली आहे. ओझरला तिचा आधार घेता येत नाही.

खरी मुदत वेगळीच आहे आणि ती अर्जावर छापलेली नसते. टॉवरमधील संभाषणाचे ध्वनिमुद्रण आणि रडारच्या नोंदी किमान ३० दिवस जपाव्यात, असे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे मानक आहे. तपासासाठी राखून ठेवायला कोणी सांगितले नाही, तर त्यापुढे त्या मिळतीलच याची खात्री नाही. स्वेच्छा अहवाल पाचव्या आठवड्यात दिला तरी कोणी तो परत करणार नाही, पण तोवर आपल्या शब्दाला दुजोरा देणारा पुरावा पुसला गेलेला असू शकतो.

त्याच ध्वनिमुद्रणाची प्रत जोडावी लागेल, या धास्तीने कित्येक अहवाल लिहिलेच जात नाहीत. ती प्रत कोणाकडेच नसते आणि ती मिळवण्याचा खटाटोपही करू नये. मोबाइलवर चोरून केलेले मुद्रण किंवा लॉगबुकाच्या पानाचा फोटो जोडल्यास मूळ विषय बाजूला राहून चौकशी आपलीच सुरू होते. फ्रीक्वेन्सी, विमानाचा कॉल साइन (रेडिओवरील ओळखनाव), तारीख आणि वेळ एवढे अचूक लिहिले की मुद्रण शोधणे हे यंत्रणेचे काम. वेळ मात्र यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) की भारतीय, हे स्पष्ट लिहावे. पहाटे तीनची घटना यूटीसीत आदल्या दिवशीच्या २१:३० वाजता पडते; एवढ्या एका चुकीपायी भलत्याच दिवसाचे मुद्रण ऐकले जाते आणि ‘तथ्य आढळले नाही’ असा शेरा बसतो.

आता मजकुराविषयी. ‘वैमानिकाने नेमून दिलेली उंची पाळली नाही’ हे वाक्य खरे असले तरी अपुरे असते. ‘वैमानिकाने उंची परत म्हणताना चुकीचा आकडा सांगितला, मी त्या वेळी हॉटलाइनवर बोलत होतो, त्यामुळे ती चूक माझ्या लक्षात आली नाही, पाळीत जोडीला कोणी नव्हते’ असे लिहिले, तर दुरुस्त करण्याजोग्या गोष्टी कागदावर येतात. स्वतःचा भाग वगळून लिहिलेला अहवाल हा अहवाल राहत नाही, ती तक्रार होते, आणि ध्वनिमुद्रण ऐकताच लपवलेला भाग उघडा पडतो. रजा, बदली आणि वरिष्ठांचे वागणे या अर्जात आणू नये. सलग रात्रपाळ्यांनी आलेला थकवा मात्र जरूर लिहावा, कारण तो धोकाच आहे.

नाव द्यावे का? निनावी अहवालावर खुलासा विचारता येत नाही, म्हणून तो बहुधा तिथेच थांबतो. नाव देऊन गोपनीयता मागणे अधिक उपयोगी. नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारपत्राच्या (शिकागो कराराच्या) परिशिष्ट १९ मध्ये अशा माहितीला संरक्षण देण्याचे तत्त्व आहे, पण हेतुपुरस्सर गैरवर्तन, घोर निष्काळजीपणा आणि गुन्हा यांना त्यातून वगळले आहे. अहवाल म्हणजे सरसकट माफी, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

खालून प्रामाणिकपणाची अपेक्षा ठेवायची आणि वरून साधी पोचही द्यायची नाही, हा प्रकार अनेक ठिकाणी चालतो. ज्याच्या हाती पाळ्यांचे रोस्टर त्याच्याच हाती अहवालाचे बंद पाकीट, अशी व्यवस्था असेल तर लिहिणाऱ्याचा हात आखडणारच. अशा वेळी अहवाल थेट डीजीसीएकडे पाठवता येतो. युनिटच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे दिला असल्यास नोंद क्रमांक आणि तारीख लिहून घ्यावी, कोणती कारवाई झाली हे लेखी विचारावे, आणि उत्तर आले नाही तर पुढच्या पत्रात त्याच क्रमांकाचा व तारखेचा उल्लेख करून तो विषय वर पाठवावा.