प्लसचीच पिन हिरवी का होते?

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत घरांसोबत गाड्याही बुडाल्या. तेव्हापासून एक सल्ला दर पावसाळ्यात कानावर येतो: "काही होत नाही भाऊ, दोन दिवस उन्हात ठेव, सुकली की चालू होते." नागपूरच्या उन्हात पाणी उडून जातं हे खरं, पण त्या पाण्यानं केलेलं नुकसान तिथंच राहतं.

मागच्या पावसाळ्यात माझी मोपेड बंद पडली. मिस्त्रीनं हेडलाइटमागचा एक कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, ओढून उघडला. आत शेजारी-शेजारी दोन पिना होत्या. मायनसची पिन चकचकीत होती, प्लसची हिरवीगार. नखानं खरवडली तर तिचं टोकच हातात आलं. "कार्बन आला," मिस्त्री म्हणाला. शब्द रूढ आहे, पण त्या हिरव्या थरात कार्बनचा दोष नाही. ते तांब्याचे क्षार आहेत. पितळी भांड्यात ताक कळकतं, त्याच जातीचा हा प्रकार.

पण पाणी तर दोन्ही पिनांवर सारखंच पडलं होतं. मग एकच का खाल्ली गेली?

कारण किल्ली काढली तरी बॅटरीचे १२ व्होल्ट काही पिनांवर हजर असतात. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, पण रस्त्यावरच्या पाण्यात क्षार असतात, सांडपाणी असतं. दोन पिनांमध्ये असा एक थेंब अडकला की शाळेतला विद्युत अपघटनाचा प्रयोग तिथं सुरू होतो. प्लसच्या पिनेतला तांब्याचा अणू दोन इलेक्ट्रॉन धातूतच सोडतो आणि आयन होऊन पाण्यात उतरतो. मायनसकडे मात्र इलेक्ट्रॉनची आवक असते, म्हणून ती पिन झिजत नाही.

किती विजेनं किती धातू विरघळतो हे फॅरेडेचा नियम सांगतो. आता त्यानं हिशोब मांडू. एक मिलिअँपिअर प्रवाह, सगळा तांबं विरघळवण्यात गेला, तर २४ तासांत सुमारे २८ मिलिग्रॅम तांबं खातो. सर्किट बोर्डावरची तांब्याची रेघ बहुधा ३५ मायक्रॉन जाडीची असते. पाव मिलिमीटर रुंद आणि एक सेंटिमीटर लांब रेघेत तांबं भरतं जेमतेम पाऊण मिलिग्रॅम. म्हणजे रेघ तुटायला चाळीसेक मिनिटं पुरतात! दोन दिवस उन्हात सुकवण्याची गोष्ट यापुढे कुठं टिकते?

विरघळलेले आयन मायनसकडे सरकतात आणि तिथं पुन्हा धातू होऊन बसतात, नेच्याच्या पानासारखे फांद्या फुटत. असा तंतू वाढत वाढत पलीकडच्या पिनेला टेकला की शॉर्ट. तोच फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो, तेव्हा "गाडीला नजर लागली" म्हणत लिंबू-मिरची बांधणाऱ्यांनी आधी कपलर उघडून बघावा. फवारा मारताच गाडी वॉटरप्रूफ करणाऱ्या जाहिरातींनाही भुलू नये. क्षार न धुता वर थर दिला तर ते आतच कोंडले जातात. सुकलेले क्षार हवेतला दमटपणा ओढून घेतात आणि पुढच्या पावसाळ्यात काम पुन्हा सुरू.

म्हणून गाडी पाण्यात गेली तर स्टार्ट मारून बघू नका. सर्वांत आधी बॅटरीची मायनस वायर काढा. आधी प्लस काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. वीज तुटली की अपघटन थांबतं. मग कपलर, बोर्ड मिस्त्रीकडून उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुऊन घ्या आणि पूर्ण कोरडे होऊ द्या.

पिनांना कारखान्यातच कथिलाचा मुलामा देतात. आपल्या भांड्यांची कल्हईच ती! तिला जपायचं तर हिरवी पिन सँडपेपरनं घासू नका, बदलून घ्या. कपलरच्या रबरी सीलला पावसाळ्याआधी सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस लावा. आणि वायर बांधताना कपलरच्या अलीकडे तिला खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशीच ठिबकून जातं.