हिंगाचा खडा टाकला की मसाल्याला कीड लागत नाही?

उन्हाळा आला की हा निरोप फिरतो: बरणीच्या तळाशी आणि वर हिंगाचा खडा ठेवा, मसाला वर्षभर टिकेल.

हिंगाचा उग्र वास बाहेरून येणाऱ्या किड्याला काहीसा दूर ठेवतो, म्हणून ही रीत पडली आणि ती सोडायची गरज नाही. पण कीड बहुतेक वेळा बाहेरून येतच नाही. धणे, मिरची, हळकुंडं घरी येतात तेव्हाच त्यांत अंडी असू शकतात. त्या अंड्यांवर वासाचा भरवसा धरता येत नाही आणि हिंग ओलही शोषत नाही. बुरशी लागते ती याच ओलीमुळे.

म्हणून आधी पाहायचं ते वाळवण. मिरची वाकवली की कड्‌कन मोडली पाहिजे. नुसती दुमडली तर अजून एक-दोन उन्हं द्या. धण्यांना टाचणीएवढी भोकं दिसली तर ते बाजूला काढा. दळलेला मसाला पूर्ण गार होऊ द्या. गरम भरला तर झाकणाच्या आत घाम धरतो आणि वरच्या थरात गुठळ्या होतात.

शंका असेल तर अख्खा मसाला हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये, उणे 18 अंशांवर, आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर हवेतली वाफ मसाल्यावर बसते.

स्वतः पडताळायचं असेल तर एकाच मसाल्याच्या दोन काचेच्या बाटल्या भरा, एकीतच हिंग घाला आणि दर महिन्याला तळ उजेडात धरून पाहा.