वेळेचे नियोजन, विद्यार्थ्यांचे

वेळेचे नियोजन, विद्यार्थ्यांचे : हाताशी असलेले तास आणि करावयाचा अभ्यास यांचा मेळ घालण्याचे कौशल्य. कामास लागणाऱ्या वेळेचा अंदाज, कामांचा क्रम आणि ठरविल्याप्रमाणे वागणे ही त्याची मुख्य अंगे होत. भिंतीवरचे वेळापत्रक म्हणजेच नियोजन असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः अंदाज चुकला की उत्तम वेळापत्रकही आठवड्याभरात कोलमडते.

हा अंदाज बहुधा कमीच धरला जातो. डॅनियल कानमन व अमोस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी सुमारे ३४ दिवसांचा अंदाज दिला, प्रत्यक्षात सुमारे ५६ दिवस लागले. म्हणून एखादा धडा किंवा गणिताचा एक संच संपण्यास लागलेला वेळ घड्याळ लावून टिपणे, ही पहिली पायरी समजावी.

पहाटेचा अभ्यास : मराठी घरांत पहाटेच्या अभ्यासाला मोठा मान आहे व त्याचा आधार ब्राह्म मुहूर्ताच्या कल्पनेत शोधला जातो. मात्र या मुहूर्ताच्या मर्यादेबद्दल एकमत नाही. मुहूर्त म्हणजे दोन घटिका, अर्थात ४८ मिनिटे. रात्रीच्या पंधरा मुहूर्तांपैकी चौदावा तो ब्राह्म, असे एक मत. त्यानुसार तो सूर्योदयापूर्वी ९६ मिनिटांनी सुरू होतो. दुसऱ्या मताने रात्रीचा अखेरचा संपूर्ण प्रहर, म्हणजे साधारण तीन तास, यात येतो. शिवाय मुहूर्त ४८ मिनिटांचाच धरावा की प्रत्यक्ष रात्रीचा पंधरावा भाग, हाही प्रश्न उरतो; दुसरे मान घेतल्यास नाशिकला हिवाळ्यात तो सुमारे ५२ आणि जूनमध्ये सुमारे ४३ मिनिटांचा भरतो. नाशिकला सूर्य जूनमध्ये सहाच्या सुमारास, तर जानेवारीत सातनंतर उगवतो. पहिले मत अधिक ग्राह्य दिसते. ते मानल्यास जानेवारीतील ब्राह्म मुहूर्त साडेपाचनंतरचा ठरतो आणि बारमाही ‘चारचा गजर’ त्यात बसत नाही. किशोरवयात झोपेची वेळ निसर्गतःच पुढे सरकते, हेही ध्यानात घ्यावे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ नंतर भरविण्याची सूचना दिली, तीही मुलांच्या अपुऱ्या झोपेच्या कारणावरून.

नाशिकमधील परंपरा : नंदिनी-गोदावरी संगमाजवळील टाकळी येथे समर्थ रामदासांनी सु. १६२० ते १६३२ या काळात तपश्चर्या केली, असे मानतात. सकाळी नदीत उभे राहून जप, दुपारी मधुकरी, नंतर ग्रंथाध्ययन अशी दिनचर्या सांगितली जाते. तिचे तपशील उत्तरकालीन चरित्रांतून आलेले आहेत. पहाटे उठून पाठांतर करावे, एकही क्षण रिकामा जाऊ देऊ नये, हा दासबोधातील (दशक ११, समास ३) उपदेश मात्र मूळ ग्रंथातच मिळतो.

आधुनिक साधने : कामे ‘तातडीची’ व ‘महत्त्वाची’ अशी विभागण्याचे श्रेय अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांना दिले जाते. पण १९५४ च्या भाषणात त्यांनी स्वतःच हा विचार एका माजी महाविद्यालय-प्रमुखाचा म्हणून सांगितला होता. या विभागणीचा चार घरांचा तक्ता पुढच्या व्यवस्थापनविषयक लेखनातून रूढ झालेला दिसतो. पंचवीस मिनिटे काम व पाच मिनिटे विश्रांती ही पद्धत इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलो यांची, १९८० च्या दशकाच्या अखेरची.

स्थानिक परिस्थिती : दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि नाशिक जिल्ह्याच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात द्राक्षांची काढणीही त्याच सुमारास असते. घरची सगळी माणसे बागेत गुंतलेली, त्यात शेतीची वीज रात्रपाळीची असली, तर मोटर चालू करायला मुलालाच जावे लागते. अशा घरात दिवाळीनंतरच्या आठवड्यांत मोठे विषय उरकून काढणीच्या काळासाठी फक्त उजळणी ठेवणे अधिक व्यवहार्य ठरते. नाशिकमधील सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना दिवसाऐवजी पाळीनुसार आठवडा आखावा लागतो. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी असलेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे (स्थापना १९८९) मुख्यालय नाशिक येथेच आहे.