बास्किया ‘न शिकलेला रस्त्यावरचा पोरगा’ नव्हता

अमेरिकन चित्रकार ज्याँ-मिशेल बास्किया म्हणजे न्यूयॉर्कच्या फुटपाथवर वाढलेला, केवळ उपजत ऊर्मीने रंग फासणारा कृष्णवर्णीय मुलगा, ही गोष्ट त्याच्या हयातीपासून सांगितली जाते. ती खोटी आहे.

त्याचा जन्म १९६० सालचा, ब्रुकलिनमधला. वडील हैतीहून आलेले अकाउंटंट, आई प्वेर्तो रिकन वंशाची. तीच त्याला संग्रहालयांत नेई. सहाव्या वर्षी तो ब्रुकलिन म्युझियमचा बालसदस्य होता. इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश तिन्ही भाषा त्याला येत. लहानपणी मोटारीने उडवल्यावर तो रुग्णालयात होता, तेव्हा आईने ‘ग्रेज अ‍ॅनाटमी’ हे शरीरशास्त्राचं पुस्तक आणून दिलं. त्याच्या चित्रांतली हाडं, अवयवांची नावं तिथली. चित्रात लिहिलेले शब्द खोडायचा तेही मुद्दाम, लोकांनी ते जास्त निरखून वाचावेत म्हणून.

शाळा आणि घर त्याने सोडलं, भिंतींवर ‘सेमो’ नावाने लिहिलं, हे खरंच. पण गोऱ्या चित्रकाराने केलं की त्याला अभ्यास म्हणायचं आणि याने केलं की मात्र ‘आदिम प्रेरणा’, हा वर्णभेदच आहे. १९८३ मध्ये पोलिसांनी पकडलेला मायकेल स्ट्युअर्ट हा कृष्णवर्णीय तरुण दगावला, तेव्हा बास्कियाने त्यावर चित्र काढलं: मधोमध काळी आकृती, दोन्ही बाजूंना दंडुके उगारलेले पोलीस.