टिपणवहीत सुरू होणारे वाङ्मयचौर्य

शोधनिबंधातील वाङ्मयचौर्याचा विषय निघाला की दुसऱ्याचा मजकूर जाणूनबुजून उचलून आपल्या नावावर खपवणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर येतो. असे विद्यार्थी असतात आणि त्यांच्यासाठी नियम व शिक्षा आहेतच. परंतु ज्याला चोरी करायची नव्हती आणि तरीही ज्याच्या हातून ती घडली, त्या विद्यार्थ्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे, असे मला वाटते. त्याची चूक निबंध लिहिताना झालेली नसते. ती बरीच आधी, वाचताना आणि टिपणे काढताना झालेली असते.

याचे एक कारण स्मृतीच्या घडणीत आहे. आशय आणि त्याचा उगम या दोन गोष्टी मेंदू सारख्याच पक्केपणाने जपत नाही. वाक्य लक्षात राहते, ते कुठे वाचले हे मात्र पुसट होते. ॲलन ब्राउन आणि डेना मर्फी या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका गटातील व्यक्तींना एखाद्या वर्गातील नावे आळीपाळीने सांगायला लावली आणि नंतर प्रत्येकाला स्वतः सांगितलेली नावे आठवायला व काही नवी नावे सुचवायला सांगितले. तेव्हा इतरांनी उच्चारलेली काही नावे लोकांनी आपली म्हणून किंवा नवी म्हणून लिहिली. फसवण्याचा हेतू त्यात नव्हता. एका बैठकीत असे घडू शकते, तर कित्येक महिन्यांच्या वाचनानंतर केवळ आठवणीवर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे सहज लक्षात यावे.

दुसरे कारण लेखनाच्या सवयीत आहे. समजा, मूळ लेखात असे वाक्य आहे : ‘शहरांत काँक्रीटचे आच्छादन वाढल्यामुळे पावसाचे पाणी जमिनीत मुरण्याचे प्रमाण घटते आणि भूजलपातळी खालावते.’ विद्यार्थी लिहितो : ‘नागरी भागांत सिमेंटचे आवरण वाढल्याने पर्जन्यजल जमिनीत झिरपण्याचे प्रमाण कमी होते व भूजलाची पातळी घसरते.’ जवळजवळ प्रत्येक शब्द बदलला, पण वाक्याचा सांगाडा, मुद्द्यांचा क्रम आणि कारण-परिणामाची मांडणी जशीच्या तशी राहिली. अमेरिकी अभ्यासक रेबेका मूर हॉवर्ड यांनी १९९०च्या दशकात अशा ठिगळे जोडलेल्या लेखनाकडे लक्ष वेधले आणि ते बहुधा विषय पुरता न उमगल्याचे लक्षण असते, असे प्रतिपादन केले. मला ते पटते. ज्याला आशय कळला आहे, तो मूळ लेख बाजूला ठेवून लिहू शकतो : ‘भूजल घटण्याचे एक कारण जमिनीच्या पृष्ठभागावरच आहे, असे अमुक लेखक दाखवतात, काँक्रीटखाली गेलेल्या जमिनीत पावसाचे पाणी पूर्वीइतके उतरत नाही.’ येथे वाक्य विद्यार्थ्याचे आहे, विचार कोणाचा तेही स्पष्ट आहे. शब्द पूर्णपणे स्वतःचे असले तरी हा निर्देश टळत नाही, कारण उसना घेतलेला असतो तो विचार. जे सर्वमान्य आहे, उदाहरणार्थ पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्याला अर्थातच संदर्भ लागत नाही.

साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी विद्यार्थ्यांत जेवढी भीती आहे, तेवढी माहिती नाही. अशा सॉफ्टवेअरची एक प्रचलित पद्धत अशी की, मजकुराचे लागोपाठच्या शब्दांचे किंवा अक्षरांचे छोटे तुकडे पाडले जातात, गणिती सूत्राने प्रत्येक तुकड्याला एक संख्या दिली जाते आणि त्यांतील निवडक संख्या साठवलेल्या लाखो लेखांतील संख्यांशी ताडून पाहिल्या जातात. म्हणजे यंत्र जुळणी मोजते. हेतू, श्रेय आणि विचार यांतले त्याला काहीच दिसत नाही. अवतरणचिन्हांत रीतसर घेतलेला उतारा आणि संदर्भसूचीही साम्याच्या टक्केवारीत भर घालू शकतात, तर वर दिलेले सिमेंटचे वाक्य कदाचित बिनबोभाट निसटेल. म्हणूनच टक्केवारी खाली आणण्यासाठी शब्द फिरवत बसणे हा चुकीच्या प्रश्नावर घेतलेला कष्ट आहे. सॉफ्टवेअरने दिलेला अहवाल उघडून प्रत्येक जुळलेला भाग वाचणे आणि तिथे संदर्भ आहे का, एवढे तपासणे अधिक उपयोगाचे.

संदर्भ दिला की जबाबदारी संपली, असेही नाही. मिखाईल सिमकिन आणि व्वानी रॉयचौधरी यांनी भौतिकशास्त्रातील १९७३ सालच्या एका प्रसिद्ध निबंधाचे सुमारे ४,३०० उल्लेख तपासले. त्यांपैकी १९६ उल्लेखांत छपाईच्या चुका होत्या, पण वेगवेगळ्या चुका केवळ ४५ निघाल्या आणि एकच चूक तब्बल ७८ वेळा आढळली. इतक्या जणांची बोटे एकाच अंकावर योगायोगाने घसरत नाहीत. मूळ निबंध न पाहता दुसऱ्याच्या सूचीतून उल्लेख उतरवला गेला, हेच त्यामागचे पटण्याजोगे स्पष्टीकरण आहे. मूळ लेख मिळालाच नाही, तर ‘अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत’ असे सरळ लिहावे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तर कधी कधी अस्तित्वातच नसलेले निबंध, लेखक आणि पृष्ठांकांसह, सुचवतात. त्यामुळे त्यांनी दिलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहिल्याखेरीज सूचीत घेऊ नये.

हे सगळे टाळण्याची जागा टिपणवही हीच आहे. लेख वाचायला घेताच लेखक, वर्ष, शीर्षक आणि पृष्ठांक आधी लिहावेत, मग टिपण सुरू करावे. जसेच्या तसे उतरवलेले प्रत्येक वाक्य त्याच क्षणी अवतरणचिन्हांत ठेवावे, कारण ‘नंतर खूण करू’ म्हणून सोडलेले वाक्य पुढे आपलेच वाटू लागते. स्वतःच्या शब्दांतील सारांश आणि स्वतःला सुचलेले विचार यांसाठी वेगळे रंग किंवा वेगळे रकाने ठेवावेत. संगणकावर काम करणाऱ्याने दुसऱ्याचा मजकूर निबंधाच्या मसुद्यात थेट कधीही चिकटवू नये. त्यासाठी निराळी फाइल असावी. आकृत्या, तक्ते आणि पूर्वी दुसऱ्या अभ्यासक्रमासाठी सादर केलेले स्वतःचे लेखन यांनाही हीच शिस्त लागू आहे. असे जुने लेखन पुन्हा वापरायचे असल्यास मार्गदर्शकांना आधी विचारून घ्यावे आणि निबंधात तसा उल्लेख करावा.