शिंगरांतील जन्मजात अर्बुदे

शिंगरू जन्मतानाच त्याच्या अंगावर किंवा अंगात असलेल्या, पेशींच्या बेबंद वाढीतून झालेल्या गाठी. घोडी साधारण अकरा महिने गाभण असते आणि ही वाढ त्याच काळात सुरू होते. ‘जन्मजात’ या शब्दावरून गाठ केव्हापासूनची एवढेच कळते. ती साधी की मारक, हे त्यातून ठरत नाही. आनुवंशिक असाही त्याचा अर्थ नव्हे. तबेल्यात मात्र हा फरक हमखास पुसला जातो आणि घोडीला विनाकारण बोल लागतो. घोड्यांत हा विकार विरळाच.

त्यातल्या त्यात ओळखीचा प्रकार म्हणजे चामखिळीसारखी जन्मजात गाठ. ओठ, डोके, मान किंवा अंगावर कुठेही ती दिसते. पृष्ठभाग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, कधी खाली बारीक देठ. वर्ष-दोन वर्षांच्या घोड्यांच्या नाकपुडीभोवती येणारे मस विषाणूमुळे होतात आणि काही महिन्यांत आपोआप झडतात; ही गाठ त्यातली नव्हे. ती मुळासकट कापून काढली की सहसा परत येत नाही. रक्तवाहिन्यांची अर्बुदे जास्त त्रासाची. ती बऱ्याचदा पायाच्या खालच्या भागात असतात, काळपट-लाल दिसतात, जरा घासले तरी रक्त येते. तिथली कातडी आधीच ताणलेली, त्यामुळे गाठ पूर्ण काढून जखम शिवणे अवघड होते. रंगपेशींची आणि मास्ट पेशींची (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या, कातडीतही असणाऱ्या पेशींची) अर्बुदेही नोंदलेली आहेत. मास्ट पेशींच्या काही गाठी शिंगरांत आपोआप विरल्या आहेत. सब्जा, म्हणजे करड्या-पांढऱ्या, घोड्यांना उतारवयात शेपटीखाली होणाऱ्या काळ्या गाठींशी यांची गल्लत करू नये.

काही गाठी नावापुरत्याच अर्बुदे. कानाच्या बुडाशी टणक फुगवटा, त्याच्या छिद्रातून सतत चिकट स्राव, आणि क्ष-किरण चित्रात आत चक्क दात! भ्रूणावस्थेत दाताच्या ऊती भलत्या जागी अडकल्याने हे घडते. डोळ्याच्या बुबुळावर केसांसकट कातडीचा तुकडा उगवलेला दिसतो, तोही याच जातीचा. बेंबीची सूज तर बहुतेक वेळा निराळीच असते: दाबल्यावर आत जाणारी मऊ सूज हर्नियाची, गरम, दुखरी आणि तापासह असेल तर बेंबी पिकल्याची.

कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) घोड्यांचा मोठा मान होता. आता घोडी दिसते ती रंकाळ्यावर फेरी मारणारी, वरातीतली, शर्यतीच्या घोडागाडीची किंवा मेंढरांमागे धनगराचे बिऱ्हाड वाहणारी. अंगावरचे केसांचे भोवरे बघून घोडा पारखण्याची रीत जुनी; गाठही त्याच हिशेबात ‘खोड’ ठरते आणि शिंगराचा भाव पडतो. देठाला घोड्याच्या शेपटीचा केस आवळणे किंवा डाग देणे हे घरगुती इलाज सर्वांच्या माहितीचे. चामखीळ गळतेही, पण गाठ रक्तवाहिन्यांची निघाली तर रक्त थांबवताना पळापळ होते, आणि भाजलेल्या तुकड्यावरून निदान करणे कठीण जाते.

गाठ दिसली तरी पहिल्या दिवशी मान चिकाचा, म्हणजे विल्यानंतरच्या पहिल्या दुधाचा. घोडीच्या वारेतून रोगांशी लढणारी प्रतिद्रव्ये गर्भापर्यंत जवळजवळ पोहोचत नाहीत, आणि चिकातली प्रतिद्रव्ये शिंगराच्या आतड्यातून साधारण पहिले २४ तासच शोषली जातात. शिंगरू तासाभरात उभे राहून दोन तासांत आचळाला लागले पाहिजे. ओठावरची किंवा जिभेवरची गाठ आड येत असेल तर चीक काढून पाजावा लागतो, घाई एवढ्यापुरतीच. गाठीचा तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये घालून पशुवैद्यकामार्फत तपासणीला पाठवतात. पोटातल्या किंवा छातीतल्या गाठींसाठी सोनोग्राफी करतात. त्यांचा सुगावा बहुधा उशिरा, शिंगरू अंग धरत नाही तेव्हा लागतो.